आईचं मिटलेलं हसू

चंदीगड, रविवार, १६ नोव्हेंबर

आई जाऊन वर्ष होत आलं. तिचा फोटो मोठा करून घ्यायला आज सेक्टर २२ मधल्या दुकानात गेले. लग्नानंतर सोलापूरच्या स्टुडिओत काढलेला, आईबाबा दोघंही ताठ, ओठ मिटलेले. तेव्हा सगळे तसेच बसायचे; दात दिसले की फोटो बिघडला! पण आईने पुढेही प्रत्येक फोटोत ओठ मिटूनच ठेवले.

दुकानदार म्हणाला, "मॅडमजी, मम्मीजी को थोड़ा हँसा दूँ?" मी नको म्हणेपर्यंत स्क्रीनवर आई हसली. पांढरे, एकसारखे दात. आईचा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, म्हणून तर हसताना ती तोंडाला पदर लावायची. मी लगेच पुसायला लावलं. एवढा राग का आला मला?

घरी येऊन बाबांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, तेही चिडतील. पण त्यांना तो सोलापूरचा स्टुडिओच आठवला.

"फोटोवाला सारखा 'हसू नका' म्हणायचा," ते म्हणाले, "आणि तिला आणखीच हसू यायचं. घरी येईपर्यंत रस्ताभर हसत होती."

"कशी हसायची हो तेव्हा?"

"तेच आता डोळ्यांपुढे येत नाही गं. ते हसू पुसलंस कशाला? खोटं असलं तरी पाठवायचंस मला."

उद्या ऑफिस सुटलं की परत जाते. दुकानदाराच्या शेजारी बसून तो दात दुसऱ्यावर नीट चढवून घेईन.