शिवा कधीच जंगलात गेला नव्हता

प्रिय बाबा,

काल तुमच्या मृत्यूची नोंद करायला आदिलाबादला ऑफिसात गेले होते. खिडकीतल्या माणसानं मान वर न करताच विचारलं, "मयत का नाम? उमर? पेशा?" नाव सांगितलं, वय सांगितलं. पेशाला अडले. रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "किराना दुकान था ना उनका, इंद्रवेल्ली में." त्यानं तेलुगूत 'व्यापारम्' लिहिलं, शिक्का मारला. झालं.

मी 'लेखक' का म्हणाले नाही? कुमारवयाच्या पोरांसाठी जंगलातल्या साहसांची पाच पुस्तकं लिहिली तुम्ही. इथल्या मराठी घरांतली दोन पिढ्यांची पोरं ती वाचून मोठी झाली. तरी तो शब्द माझ्या तोंडात आला नाही. लाज नव्हती. रागही नव्हता. नुसता आला नाही. घरी आले, हातपाय धुतले आणि हे लिहायला बसले. तुमच्याशी एकदा नीट बोलल्याशिवाय तो शब्द येणार नाही असं वाटतं.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही. शेजारच्या काकू येतात, पाठीवरून हात फिरवतात, "रडून घे माय, मोकळी होशीन" म्हणतात. मी मान हलवते. चहात साखर घालायची राहते आणि पिताना मला ते कळतही नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी भेंडी निवडत होते. तुमचे जावई दिलीप आतून म्हणाले, "वंदे, बाबा उत्तर देऊन नाई राह्यले." मी हातातली भेंडी पुरी निवडली, देठ काढला, मग उठले. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

बाबा, तुम्हाला आठवतं का, मी अकरा वर्षांची होते? लहानपणीच्या आजारानं तुमचा डावा पाय काडीसारखा राहिलेला. दुकानाच्या गादीवरून उठून मागच्या न्हाणीपर्यंत जायलाही कुबडी लागायची. आणि डोक्यात मात्र जंगल! समोर टेकड्या दिसायच्या, सागाचं रान दिसायचं, बाजाराच्या दिवशी गोंड बाया डोक्यावर टोपल्या घेऊन त्या रानातून उतरायच्या. त्यांतलीच भीमबाई. मीठ-तेल न्यायला यायची, चारोळ्या, मोहफुलं द्यायची. एक दिवस तुम्ही तिला म्हणालात, "बाई, माह्या पोरीले संगं नेत जाय. मले पाय नाई, तिले हायेत."

आई केवढी भांडली! "पोरीची जात हाय, काऊन धाडता तिले रानात?" तुम्ही म्हणालात, "भीमबाईबी बाईच हाय ना?"

मी गेले. दर रविवारी गेले. सुट्ट्यांत रोज गेले. आणि परत आले की तुमच्या गादीसमोर बसायचं. केवढे प्रश्न! "नाल्याचं पाणी कोन्त्या रंगाचं होतं?" "हिरवं." "हिरवं कसं? पानासारखं का शेवाळासारखं?" "शेवाळासारखं." "मोर ओरडला तवा तू कुठं होती? आवाज मांगून आला का पुढून?" गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं आणि तुम्ही डोळे मिटून माझ्याकडून ऐकत असायचात. भीमबाई हसायची. म्हणायची, "तुहा बाप डोये मिटून रान पाह्यते." रात्रीपर्यंत तुमची फुलस्केपची चार पानं भरलेली असायची.

खरं सांगू? मला ते फार आवडायचं. दुसऱ्या कोणाचा बाप आपल्या पोरीचं इतकं ऐकत होता?

तेरा वर्षांची असताना पहिलं पुस्तक छापून आलं, 'अस्वलाची टेकडी'. नागपूरहून गठ्ठा आला, तुम्ही सुतळी दातांनी तोडली. मी उंबऱ्यावर बसून वाचलं. नाला माझा होता. हिरवं पाणी माझं होतं. पायात घुसलेला बाभळीचा काटासुद्धा माझाच. पण जंगलात हिंडणारा होता शिवा नावाचा पोरगा.

"बाबा, हा शिवा कोन?"

"तूच."

"मंग पोट्टा काऊन?"

तुम्ही तागडीत डाळ टाकत होता. म्हणालात, "पोरीले एकटी रानात धाडली असं लिहिलं तं लोक मले शिव्या देतीन. पुस्तक कोन घेईन?" आणि तागडी बरोबर झाली का ते पाहत राहिलात.

मी ऐकून घेतलं. तेरा वर्षांची पोर काय बोलणार होती? पुढची दोन पुस्तकंही तशीच झाली. मी चालायची, शिवा मोठा व्हायचा. गावोगावची पोरं पोस्टकार्डं पाठवायची, 'आम्हाला शिवासारखं व्हायचं आहे.' ती कार्डं मीच तुम्हाला वाचून दाखवायची, कारण तुमचा चष्मा नेहमी हरवलेला. किती निरागसपणे वाचायची मी!

मग तो आदिलाबादचा सत्कार. मी एकोणीस वर्षांची. तुम्हाला दोघांनी धरून स्टेजवर चढवलं. मी आणि आई तिसऱ्या रांगेत. एक शाळकरी मुलगी उठून विचारू लागली, "सर, तुमचा पाय असा आहे, मग एवढं जंगल तुम्ही कसं पाहिलं?" मला वाटलं, आता! आता तुम्ही माझ्याकडे हात कराल. मी पदरसुद्धा सारखा केला होता, बाबा. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "पाय नाही चालत, बेटा. मन चालते." काय टाळ्या पडल्या! आईनंही वाजवल्या. मी वाजवल्या की नाही, मला आठवत नाही.

त्या रविवारी भीमबाई आली तेव्हा मी म्हटलं, माझं डोकं दुखतं. पुढच्या रविवारी पोट दुखलं. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलंच नाही. आणि तुम्हीही विचारलं नाही. एकदा तरी विचारायचं ना, 'वंदे, काऊन जाऊन नाई राह्यली?' तुम्हाला कळलं होतं म्हणूनच विचारलं नाही, हो ना?

त्यानंतर तुम्ही आणखी दोन पुस्तकं लिहिलीत, नुसत्या मनानं. शेवटच्यात भर पावसाळ्यात पळस फुलवलात. उटनूरच्या एका मुलाचं कार्ड आलं, 'काका, आमच्याकडे पळस होळीला फुलतो.' ते कार्ड तुम्ही कितीतरी वेळ हातात धरून बसला होता. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. मला आनंद झाला होता. हेही आजच सांगते. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

मग तुम्ही लिहिणंच सोडलं. माझं लग्न झालं, मी आदिलाबादजवळ मावल्याला आले, दिलीपरावांच्या भाजीच्या मळ्यात रमले. दुकान बंद झाल्यावर तुम्ही आणि आई आमच्याकडे राहायला आलात. इतकी वर्षं एका घरात राहिलो, जंगलाचा विषय कोणीही काढला नाही. वांग्यांना कीड लागली, शुगर वाढली, नातीचा पेपर कसा गेला, एवढंच बोललो.

गेल्या हिवाळ्यात तुम्हीच म्हणालात, "एकदा रान पाहू दे मले."

मला वाटलं, तापात बडबडता. ताप नव्हता. दिलीप म्हणाले, "टेम्पोत गादी टाकतो, चाला." बेज्जूरकडे नेलं तुम्हाला, पार प्राणहितेच्या काठापर्यंत. वाटेत दोन वेळा उलटी झाली तुम्हाला, तरी परत फिरू दिलं नाहीत. प्लास्टिकच्या खुर्चीसकट आम्ही दोघांनी तुम्हाला उचलून झाडीतून खाली नेलं. समोर नदी, पलीकडं पुन्हा रान. खुर्चीचे पाय वाळूत रुतले. तुम्ही बसलात. मी प्रश्नांची वाट पाहत होते. पाणी कसं, आवाज कुठून. तुम्ही बऱ्याच वेळानं म्हणालात,

"इतकं गप्प राह्यते हे?"

"हाव."

"तू कधी सांगतलं नाई."

"तुमी इचारलं नाई, बाबा."

तुम्ही हसलात थोडं. मग माझ्याकडे न बघता, नदीकडे बघून विचारलंत, "वंदे, तुले भेव वाटे का गं?"

आठ वर्षं मी रानात गेले. त्या आठ वर्षांत तुम्ही पाण्याचा रंग विचारला, अस्वलाच्या श्वासाचा आवाज विचारला. हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाई."

"मंग बरोबर लिहिलं मी," तुम्ही म्हणालात. तुमचा चेहरा इतका सैल पडला की पुढं काही बोलणं माझ्याच्यानं झालं नाही. परत येताना तुम्ही टेम्पोत गाढ झोपलात.

बाबा, मी खोटं बोलले.

बारा वर्षांची होते. मोहफुलं वेचायला पहाटे गेलो होतो. मी खाली वाकलेली, आणि चार हातांच्या अंतरावर दुसऱ्या मोहाखाली अस्वल. तेही फुलंच खात होतं. भीमबाई हळूच म्हणाली, "हालू नोको." मी हलले नाही. ओरडलेही नाही. माझा परकर ओला झाला, पायांवरून गरम पाणी खाली आलं, ते मला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. अस्वलानं एकदा वर पाहिलं, फुर्र केलं आणि निघून गेलं. भीमबाईनं मला नाल्यावर नेऊन पाय धुतले. घरी आल्यावर आईनं परकर पाहिला आणि धुतला. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "नाक केवढं होतं त्याचं?" मी हात लांब करून दाखवलं. पुस्तकात शिवानं काठी आपटली, आरोळी ठोकली आणि अस्वल पळालं.

मला रात्रभर हुडहुडी भरली होती. आई अंगावर हात टाकून झोपली होती. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भीमबाईनं हाक मारली तेव्हा मी गेले. का गेले? तुम्ही आणखी विचाराल म्हणून. मला दुसरं कारण सापडत नाही.

आता परवाचं सांगते. नागपूरहून प्रकाशकांच्या मुलाचा फोन आला. तुमची पाचही पुस्तकं एकत्र काढणार आहेत. तो फार आदरानं बोलला. तुम्हाला त्यानं कधी पाहिलेलं नाही. म्हणाला, "ताई, सुरुवातीला दोन पानं तुम्ही लिहा. वडील जंगलात कसे फिरायचे, ते सगळं येऊ द्या."

मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि आईजवळ जाऊन बसले. ती तांदूळ पाखडत होती.

"आई, खरं लिहू का?"

तिनं हात थांबवला नाही. "कोन्तं खरं?"

"मी जाये म्हून. बाबा कधीच गेले नाई म्हून."

"त्यायची अब्रू जाईन का?"

"मले नाई मालूम."

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "तो माणूस बाजारात बी उतरत नव्हता, पोरी. लोक पायाकडं पाह्यतीन म्हून. इंद्रवेल्लीचा बाजार दुकानासमोर भरे, आन् त्यायनं कधी तिथली भाजी हातानं निवडली नाई. स्टेजवरबी त्या पोरीनं पायाचंच इचारलं. काय बोलतीन? जिंदगीभर भेले ते." मग सूप खाली ठेवलं. "लिही. तुहा परकर मी धुतला होता, तेबी लिही."

बाबा, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या स्टेजवर मला तुम्ही चोर वाटला होता. तुम्ही घाबरलेले होता का? तसं असेल तर मी तिसऱ्या रांगेतून उठून तुमच्याजवळ यायला हवं होतं का? एकोणीस वर्षांची होते मी. काय सुचणार होतं मला? पण चाळीस ओलांडल्यावर तरी सुचायला हवं होतं. आपण एकाच घरात होतो.

माफी मागत नाही, तुम्हीही मागू नका. सध्या माझ्या आत काहीच हलत नाही, त्यामुळे मागितली तरी ती नुसती शब्दांचीच होईल. कधीतरी हलेल. तेव्हा पाहू.

एक वचन मात्र देते. शिवाचं नाव मी बदलणार नाही. तो आता पोरांचा आहे, आपल्या दोघांपैकी कोणाचाच राहिलेला नाही. पण त्या दोन पानांत मी लिहीन की त्याला तिघांनी मिळून घडवलं. भीमबाईनं वाट दाखवली, मी चालले आणि तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. तुमच्यासारखं ऐकणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हेही लिहीन. आणि पोरांना सांगेन की अस्वल समोर आलं तेव्हा शिवा आरोळी ठोकून उभा राहिला नव्हता. तो इतका भ्याला होता की त्याचे कपडे ओले झाले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो परत गेला.

तुमची,
वंदी