तिसऱ्यांदा विचारल्यावर

ती. ताईस,

पाया पडतो. (गुडघा धरलाय, तेव्हा यंदा पत्रातच वाकतो.) तुझा रक्तदाब ताब्यात असेल आणि भाऊजींनी कानाचं यंत्र खिशात ठेवून 'ऐकू येत नाही' म्हणणं सोडलं असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे.

मंगळवारी सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. त्यांना ही हवी होती. एकोणीस वर्षं दुभाष्यांच्या यादीत हिचं नाव होतं, ते कुणी काढलं नव्हतं. मी सांगितलं की ती गेली, पाच महिने झाले. पलीकडचा कारकून फार हळू आवाजात म्हणाला, की मग आता ती भाषा कुणाला येते? मला थोडी येते, असं मी म्हणून बसलो. तुला माहीतच आहे, हिच्या माहेरच्या, डोंगरापलीकडच्या लोकांची भाषा मी शिकलो ती स्वयंपाकघरात. त्यामुळे 'करपलं' हे मला चार तऱ्हांनी म्हणता येतं, पण 'आरोपी' म्हणता येत नाही.

हिची प्लास्टिकची फाइल काखेत धरून गेलो. तिथे माझी शपथ झाली: जे बोललं जाईल तेच सांगेन, तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही. मला वाटलं, हे काम माझ्यासाठीच काढलेलं दिसतंय. नकाशांच्या कचेरीत चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?

आरोपी म्हणजे इस्त्रीचं दुकान चालवणारी एक म्हातारी. हाताची बोटं वाफेने पिकलेली, साडेचार फूट उंची. एका गृहस्थाचा नवा कोट इस्त्रीला आला होता आणि त्याच्या आतल्या खिशातलं सोन्याचं घड्याळ नाहीसं झालं होतं. कोट टेबलावर पुराव्यासारखा पसरला होता. तपास करणारे साहेब तरुण आणि अतिशय सज्जन. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, पंखा तिच्याकडे वळवला. मग विचारलं, घड्याळ तुम्हीच घेतलं का? ती म्हणाली, हो. कुठे ठेवलंत? ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तिथे. साहेबांनी लिहायला घेतलं.

ताई, या लोकांची रीत तुला सांगितली होती की नाही, आठवत नाही. कुणी काही विचारलं, की पहिली दोन उत्तरं विचारणाऱ्याचा मान राखायला असतात. त्याला जे ऐकायचं असेल ते द्यायचं. तिसऱ्यांदा विचारलं, की मग आपलं उत्तर. मी लग्नानंतर चार वर्षं रोज सकाळी चहा करून 'बरा झालाय का' असं एकदाच विचारायचो, आणि चार वर्षं माझा चहा उत्तम होता. एकदा चुकून तीनदा विचारलं तेव्हा कळलं, की पाणचट असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण लग्नाचंही मी एकदाच विचारलं होतं. सकाळी भीतभीत आणखी दोनदा विचारलं. ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली, कपाटात ठेवली आणि मग म्हणाली, हो.

तर साहेबांनी प्रत्येक प्रश्न एकदाच विचारला होता, आणि म्हातारी मान राखायच्या दोन उत्तरांवर तुरुंगात चालली होती. मला बोलायचं होतं, पण शपथ! फाइल उघडली. आतल्या बाजूला हिच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'शब्दांत न मावणारं काही अडलं, तर हात वर करावा, आणि हे मी माझ्यातर्फे सांगते आहे, असं म्हणून सांगावं.' मी हात वर केला. साहेबांनी अदबीने स्वच्छतागृहाचा रस्ता दाखवला. नाही कसं म्हणायचं, म्हणून मी जाऊन आलो. परत हात वर केला. साहेब काळजीने म्हणाले, की मधुमेह आहे का? परत जाऊन आलो. (तिथला नळ गळतो.) तिसऱ्यांदा हात वर केला आणि खाली घेतलाच नाही.

सगळं सांगितलं. जन्मात एका दमात इतकं बोललो नव्हतो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि रास्त शंका काढली, की तिसरं उत्तर खोटं असू शकत नाही का? मी म्हणालो, "असू शकतं. पण ते तिचं असेल."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्यांदा विचारलं. हो. तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारीने कप बशीत ठेवला, पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही. कोट आला तेव्हा आतला खिसा शिवलेला होता. अजून आहे."

साहेबांनी कोट उघडून खिशात बोट घालायला पाहिलं. जाईना. शिंप्याचा कच्चा टाका जसाच्या तसा होता. इतका वेळ हे तिला ठाऊक होतं, आणि ती मान राखत बसली होती. मला एकदम हात जोडावेसे वाटले. तिला की हिला, ते कळेना. अशा खोल्यांत ही एकोणीस वर्षं बसली, आणि घरी आल्यावर मी एकदाच विचारायचो, 'दमलीस का?'

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. घड्याळ त्या गृहस्थाच्या जुन्या कोटात सापडलं. ठाण्यात आता चहालासुद्धा तीनदा विचारतात.

ता. क. निघताना म्हातारीला मी विचारलं, माझ्या शर्टाची इस्त्री कशी आहे? मीच केली होती. ती म्हणाली, छान. मी पुढे विचारलं नाही.

ता. क. रविवारी फोनवर तू विचारलंस, कसा आहेस, तेव्हा मी ठीक म्हणालो. या पत्राच्या सुरुवातीला लिहिलंय ते दुसरं. येत्या रविवारी परत विचार. आणि विचारून झाल्यावर जरा थांब. आवाज आला नाही, तर फोन बंद पडला असं समजू नकोस.