बाहेरच्या वेढ्याला जास्त तार लागते

आई,

काल दुकानात एक गिऱ्हाईक आले होते. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, हळू बोलणारे. जुन्या तबकड्या ऐकायला त्यांना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. स्वतः जोडलेला बरा की कंपनीचा तयार, असं त्यांनी विचारलं. शहागंजात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून माझं उत्तर ठरलेलं असतं. म्हणालो, "तयार घ्या सर. घरच्यात काय चुकलं ते सापडत नाही." ते मान हलवून गेले. मग मला दिवसभर सोल्डरचा एक डाग नीट देता आला नाही.

तुझा ट्रान्सफॉर्मर अजून माझ्याकडे आहे. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली, पण त्याला अजून मेणबत्तीचा वास येतो. तू तो गुंडाळलास तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, नववीतून शाळा सोडलेला, वहीत मात्र प्रत्येक आकडा दोनदा लिहिणारा. आजोबांकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल तू सांगायचीस, "त्याचा आवाज अंगावर येत नाय, शेजारी येऊन बसतो." तसा आवाज तुला घरात ऐकवायचा म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायर जोडायला घेतला. सगळं जमलं, व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा ट्रान्सफॉर्मर तेवढा मिळेना. तू चितेगावच्या कारखान्यात बारा वर्षं तारेची गुंडाळीच करत होतीस. म्हणालीस, "तेवढं माझ्यावर सोड. माझं कामच हाय ते."

रविवारची दुपार आहे. तू स्वयंपाकघरात पाटाला शेवयांचं यंत्र कसलं आहेस आणि त्याच्या दांड्यावर रीळ बसवलं आहेस. केसासारखी तार तुझ्या बोटांतून सरकते. शंभर वेढे झाले की एक चिंचोका वाटीत पडतो. मी विचारतो, "चहा ठेवू का?" तू वर न बघता म्हणतेस, "सहाशे बारा." कारखान्यात तुम्हा बायकांची हीच रीत होती. गुंडाळणारीला कुणी काही विचारलं, तर ती फक्त आपला आकडा सांगायची, म्हणजे समोरच्यानं गप्प बसायचं. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात येतात. "काय गं, यंत्र काढलंस? लेकाचं लगीन ठरलं का?"

"सातशे चाळीस."

"अगं बया, एवढं वऱ्हाड? जागा कुठं हाय इथं?"

तू हसलीस. खांदे हलले, पण हात थांबला नाही. संध्याकाळी विहारातून जमवून आणलेले मेणबत्त्यांचे तुकडे पातेल्यात वितळवलेस आणि गुंडाळी त्यात बुडवलीस, तारेला दमट हवा लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तारेचा रोध बघायला मीटर लावला. गुंडाळीचे दोन भाग, दोन्हींत सारखे वेढे हवे होते. आतला भाग कमी दाखवत होता, बाहेरचा जास्त. मी तीनदा मोजलं, वहीत लिहिलं आणि तुला म्हणालो, "काकूंबरोबर हसलीस, तेव्हाच चुकलीस."

"बाबा रे, मोजण्यात मी चुकत नाय."

"मीटर खोटं बोलत नाही, आई."

तू हातातलं भांडं विसळून पालथं घातलंस. "मंग इकतचा घे," एवढंच म्हणालीस.

मी विकतचा घेतला. कंपनीचा, जुना, व्हॉल्व्हचाच. तू त्याच्यावर जयंतीची गाणी ऐकलीस, रोज त्याची धूळ पुसलीस, आणि तुझा ट्रान्सफॉर्मर कुठं गेला ते कधी विचारलं नाहीस. पण पोळ्या मोजून झाल्या तरी पुन्हा मोजायला लागलीस. कारखान्यातल्या तुझ्याबरोबरच्या मावशी मला बसथांब्यावर म्हणाल्या होत्या, "तुझी माय आजकाल सारखं थांबून चिंचोके मोजती रे. सायब वरडतो." मी तेव्हा बसचा नंबर बघत होतो.

आतला भाग रिळाला चिकटून असतो, त्याचे वेढे लहान. बाहेरचा त्याच्यावर चढतो, म्हणून तितक्याच वेढ्यांना तार जास्त लागते, आणि मीटरही जास्त दाखवतो. दोन्ही भागांनी सारखं दाखवलं असतं, तरच तू चुकली असतीस. हे मला कुणी शिकवलं नाही. विकतचा बंद पडला तेव्हा मी तो उघडला आणि सवयीनं त्याचा ट्रान्सफॉर्मर मोजला. कंपनीच्या गुंडाळीतही तोच फरक होता. आतला कमी, बाहेरचा जास्त.

तुझा मी अजून जोडलेला नाही. सगळं सामान आहे, एका दिवसाचं काम आहे. तो चांगला वाजेल, हे मला माहीत आहे, म्हणूनच हात जात नाही. त्या सरांना उद्या परत बोलावीन म्हणतो. बोलावीनच, असं लिहीत नाही.

हे पत्र दोनदा तपासलं. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे. एक गोष्ट मात्र मी वर गाळली आहे. विकतचा बंद पडला तेव्हा तू होतीस. दवाखान्यात होतीस, शुद्धीवर होतीस. मी डबा घेऊन आलो, तेव्हा तूच विचारलंस, "लागला का रे तो? काय झालं हुतं त्याला?"

मी म्हणालो, "फ्यूज गेला होता."