नव्या पत्र्यावरचा रंग

बाबा, त्या बोर्डाबद्दल आपण दोघं पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही विषय काढला नाहीत आणि मी तो निघू दिला नाही. आता मी निवृत्त झाले आहे, तुमचं जेवढं वय झालं त्याहून मोठी आहे, तेव्हा मीच काढते.

अकोल्याला आपल्या दुकानामागे नवे जस्ती पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले असत. एक पावसाळा त्यांच्यावरून जायचा, चमक मरायची, तेव्हा कुठे तुम्ही पत्र्याला हात लावायचात. मग घासणं, रॉकेलनं पुसणं, लाल अस्तर, ते वाळलं की पॉलिशपेपर, त्यावर पांढरा, आणि सगळ्यांत शेवटी अक्षरं. गिऱ्हाईक अक्षरं बघून खूश होई. तुमचे बहुतेक दिवस मात्र कुणाला न दिसणाऱ्या थरात गेलेले असत. मला ती तुमची सवयीची दिरंगाई वाटायची. बोर्ड पुरा झाला की उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तुम्ही आपलं नाव टाकायचात, आणि दोन पावलं मागे जाऊन बघायचात ते नावच.

अमरावतीच्या कॉलेजात मी नुकतीच जीवशास्त्र शिकवायला लागले होते. तपासणी समिती येणार होती, विभागाला मोठा बोर्ड हवा होता. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझे वडील करतील, आठ दिवसांत करतील. बाजारातून कोरा पत्रा घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही त्यावरून अंगठा फिरवलात आणि नकारार्थी मान हलवलीत.

"हा रंग धरत नाही, माय. याले मुरू द्या लागते."

"पत्रा काय लोणचं आहे मुरायला?"

तुम्ही हसलात. "तू शिकोतं कॉलेजात, मी काय सांगू तुले? पण काहून एवढी घाई करून राहिली वं? माह्याकडं मुरलेला पत्रा हाय, जरा लहान पडन."

"लहान नको. समितीला लांबून दिसला पाहिजे. आणि बाबा, तुमच्या या समजुतींना शास्त्रात काही आधार नाही."

हे वाक्य मी म्हटलं. नीट आठवतं, कारण त्यानंतर तुम्ही तोच कोरा पत्रा उचलून आत नेलात. सात दिवसांत बोर्ड तयार झाला. समितीनं तो पाहिला, कौतुक केलं. पाचव्या महिन्यात रंगाचे पापुद्रे सुटले; नखानं ओढले तर हातभर निघत, अस्तरासकट, आणि खालचा पत्रा नव्यासारखा लखलखीत. विभागप्रमुखांनी तुम्हाला बोलावून घेतलं. स्टाफरूममध्ये चहा पुढे करत ते म्हणाले, "काय काका, पोरीचं कॉलेज म्हणून रंगात पाणी मारलं का?" सगळे हसले. मी तिथेच होते, हातात हजेरीचं पुस्तक. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "माहीच चूक हाय साहेब. घाई झाली माह्याकडून." मग शिडी लावून तुम्ही बोर्ड उतरवलात, आणि मी वर्गावर गेले. तास काही चुकवला नाही.

त्या दिवाळीला अकोल्यात बस स्टँडवरून घरी येताना तुमचे दोन नवे बोर्ड दिसले. उजवा कोपरा रिकामा होता. आईनं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "नाव कशाले पाह्यजे? दुकानदाराचं हाय ना." त्यानंतर एकाही बोर्डावर तुम्ही नाव टाकलं नाहीत. मला कारण माहीत होतं. मी फराळाचं ताट वाढून घेतलं.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी रसायनशास्त्राच्या एका सहकारी बाईंनी सहज सांगितलं, की नव्या पत्र्यावरचं जस्त तेलरंगातल्या तेलाशी मिळून साबणासारखा थर करतं, आणि रंग त्या थरावरून सुटतो. पत्रा उन्हापावसात राहिला की जस्त शांत होतं. म्हणजे आधार होता. मी कपातला चहा संपवला आणि पेपर तपासायला बसले.

गेल्या महिन्यात अकोटला बचत गटाच्या बायकांना धिंगरी अळिंबीची, म्हणजे मशरूमची, लागवड शिकवायला गेले होते. एका मुलीनं विचारलं, मॅडम, सब्स्ट्रेट म्हणजे नेमकं काय? मी सांगितलं: अळिंबीसाठी हे सोयाबीनचं कुटार, हा भुसा, ते तिचं घर आणि अन्नही. दगडफुलासाठी खडक, नुसता धरून बसायला. आणि आपल्या पोटातल्या विकरांसाठी, अन्न पचवणाऱ्या एन्झाइम्ससाठी, सब्स्ट्रेट म्हणजे ज्याच्यावर ते काम करतात तो पदार्थ. काम झाल्यावर विकर होतं तसंच राहतं, पदार्थ मात्र पहिल्यासारखा राहत नाही. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, कधी अडखळले नाही. मग कारागिरांचंही एक उदाहरण द्यावं म्हणून पत्र्याची गोष्ट सांगितली. म्हणाले, "एका पेंटरनं घाई केली, कोऱ्या पत्र्यावरच रंग दिला."

बायका हसल्या. मागून एकीनं विचारलं, "मंग त्या पेंटरचं काय झालं, मॅडम?"

मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, चला, कुटार भिजत घाला.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, ते कपाटातच राहील. पुढच्या महिन्यात पुन्हा अकोटला जायचं आहे. तीच बाई समोर असेल. तिला खरं सांगेन असं इथे लिहून टाकणं सोपं आहे, बाबा, पण मी सांगेनच याची मला खात्री नाही.