हळद न लागलेला हिरो

पनवेल,
रविवार, दुपार

प्रिय रंजिताताई,

निकेशचा नमस्कार. करंजाला सगळे मजेत ना? दाजींची बोट बंदराला परत लागली का? फोनवर तू रडतेस, मग मी रडतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलोय.

पळस्प्याच्या ढाब्याची भिंत एकदाची रंगवून संपली. मालकाला सगळे प्रसिद्ध चेहरे आपल्यातलेच वाटायला हवे होते. मग काय, मिशीवाला खलनायक गुलाबी केला, डोक्यावर पापलेटांची पाटी दिली. विश्वसुंदरीच्या कानात सुके बोंबील. क्रिकेटचा कप्तान हिरवागार. लोक हसतात, सेल्फी काढतात. मी मात्र पार थकलोय गं. कामानं नाही.

आई बरी आहे. जेवते. घरी सुकायला लावलेल्या माझ्या चित्रांतले नट-नट्या सगळे ओळखते, निळे असोत की गुलाबी. मला तेवढं ओळखत नाही. कपड्यांवरचे डाग बघून ती मला कामावर आलेला रंगारी समजते. चहा पुढे करते, विचारते, "दमलास का रं? घरी कोन कोन हाय तुला?" बाबा तोंड फिरवतात.

तुझं म्हणणं, माझ्या लग्नात हळद काकीनं लावावी. भरल्या मांडवात आई "यो कोन?" म्हणाली तर शोभा होईल. मला तुझा रागच आला. मग एक खूळ केलं. म्हटलं, प्रसिद्ध लोकांना ओळखते ना, तर आपणही होऊ प्रसिद्ध! स्वतःचाच चेहरा काढला. जांभळा, काळा गॉगल, कपाळाला मुंडावळ्या. हिरोंच्या रांगेत लावून दिला.

काल ती त्याच्यापुढे थांबली. 

"यो कंच्या पिच्चरमधला?"

"नवा आहे," मी म्हटलं.

"मुंडावल्या हायत नि हलद नाय? याला आय नाय का हलद लावाला?"

डब्यातला पिवळा रंग बोटांनी घेऊन तिनं चित्राच्या कपाळाला, गालांना लावला. हलक्या हातानं, पुटपुटत. मग माझ्याकडे वळली आणि हाताला उरलेला रंग माझ्या गालांना लावला.

"तुला पन घे. रंगारी झाला म्हनून काय झाला?"

मी अजून तोंड धुतलेलं नाही.

ताई, हळद आईच लावेल. काकीची समजूत तू काढ. आणि मांडवात आईनं विचारलंच, हा कोण, तर लाजू नकोस. जे आहे ते सांग.

तुझा,
रंगारी