पहिलं कडवं

अण्णा, जय भीम.

जयंतीला मी कर्जतला आले नाही, तर तुम्ही आईला म्हणालात, "नर्स झाली, आता बापाच्या गायन पार्टीची लाज वाटती तिला." लाज कसली, अण्णा! लहानपणी पेटीवर तुम्ही वरचा सूर लावला की मी कोसळायचे, आणि तुम्ही छाती फुगवून लोकांना सांगायचा, "माझ्या गाण्यात पोर हरपून जाती." ती फिट होती. डॉक्टर म्हणतात, वडलांच्या गाण्यानंच येते, ते ऐकू नका. कुठल्या तोंडानं सांगू? हे तिसरं पत्र, हेही फाडणार.

तुम्ही मोबाईलवर पाठवलेलं नवं गाणं महिनाभर उघडलं नव्हतं. आज जमिनीवर गादी घातली, चारी बाजूंनी उशा रचल्या आणि लावलं.

पहिलं कडवं लई भारी झालंय. पुढचं आठवत नाही.

तुमचीच,
प्रज्ञा