सविताचा हात

नाशिक,
१९ ऑगस्ट २००६

ती. दादा,

सविनय जयभीम. पत्र मिळालं. घोटीला लावणी उरकली, आईचा गुडघाही बरा आहे, वाचून हायसं वाटलं. मी वेळेवर जेवते.

तुम्ही लिहिलंत, "सरांची माफी माग. आपल्याकडे बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात." दादा, मी माफी मागणार नाही. निदान सरांची तरी नाही.

प्रयोगशाळेत सरांशी भांडण कशावरून झालं, ते फोनवर मी धड सांगितलं नाही. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात. या पेशींच्या पृष्ठभागावर एक एन्झाइम असतं, ते प्रथिनांचे तुकडे पाडतं. सरांचं म्हणणं असं, की औषधानं त्याचं हे काम बंद पाडलं की पेशीचं गिळणंही थांबतं. आमचा पेपर त्यावरच छापून आला. माझी पीएचडीही त्यावरच.

पेठकडची सविता, सरांची नवी विद्यार्थिनी, वर्षभर तोच प्रयोग करत होती. औषध घातलं तरी तिच्या पेशी गिळतच राहायच्या. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या हाताला वळणच नाही." ती माझ्याजवळ येऊन रडली. "ताई, माझा हातच वाईट हाय का? मी जाते घरी."

मी गप्प बसले.

कारण मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी मी तो प्रयोग सहा वेळा केला होता. चार वेळा पेशींनी व्यवस्थित गिळलं. ज्या दोन वेळा गिळलं नाही, तेव्हा त्या आधीच अर्धमेल्या होत्या. सर म्हणाले, "ते चार सोडून दे." मी सोडले. पेपरवर सही माझी आहे, दादा. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सविताला म्हटलं, "माझंच रक्त काढ." दोघींनी मिळून प्रयोग केला. एन्झाइमचं काम पूर्ण बंद, आणि पेशींच्या पोटात गिळायला दिलेल्या यीस्टचे चार-चार गोळे. सविता सूक्ष्मदर्शकावरून उठेचना.

सरांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझी पदवी याच पेपरवर आहे, कळतंय ना?"

"कळतंय, सर."

पेपर मागे घ्या, असं मी मासिकाला लिहिलं. विद्यापीठालाही सगळं कळवलं. सरांकडची नोकरी त्याच आठवड्यात गेली. चौकशी बसली आहे. पदवी बहुधा काढून घेतील.

बोट दाखवायचं म्हणता, तर सविताकडेही दाखवलंच होतं. त्यात एक बोट माझं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "लय उशीर केला, ताई." तेही खरंच. आता ती दुसऱ्या मॅडमकडे तेच काम करते आहे, स्वतःच्या नावावर.

शनिवारी घरी येते. रागवायचं असेल तर जरूर रागवा, ऐकून घेईन. पण मला परत सरांच्या दारात पाठवू नका. मी जाणार नाही.

खोटं बोललेली आणि ते स्वतःच्या हातानं लिहून दिलेली,
तुमची मुलगी
विशाखा